लेस नसलेल्या बुटाचा नंबर

गेल्या काही वर्षांत रत्नागिरीच्या बाजारपेठेपासून सावंतवाडीपर्यंत सगळीकडे लेस नसलेले, नुसते पाय सरकवून घालायचे बूट, म्हणजे स्लिप-ऑन, सर्रास दिसू लागले आहेत, आणि ते आपल्या राहणीला सोयीचे आहेत यात शंका नाही. पडवीच्या पायरीशी पायताण उतरवल्याशिवाय जिथे कोणी आत येत नाही, गणपतीच्या दिवसांत आरतीसाठी या घरातून त्या घरात जाताना दर वेळी पाय मोकळे करावे लागतात, तिथे लेस सोडत-बांधत बसणे कोणालाच परवडणारे नाही. माझा आक्षेप या बुटांवर नसून ते विकत घेण्याच्या आपल्या पद्धतीवर आहे. आपण दुकानात फक्त नंबर सांगतो, त्या नंबराचा जोड चवड्याला आवळला की एक नंबर मोठा मागतो, आणि चवडा मोकळा झाला म्हणजे बूट बसला असे समजून पैसे देतो. ही पद्धत कोणत्याही बुटाच्या बाबतीत चुकीची आहे, आणि स्लिप-ऑनच्या बाबतीत तर ती पायाला अपाय करणारी आहे, असे माझे ठाम मत आहे.

लेसच्या बुटात पाऊल धरून ठेवण्याचे काम मुख्यतः लेस करते. बूट थोडा ऐसपैस असला तरी लेस आवळून तो पावलावर घट्ट बसवता येतो, आणि संध्याकाळी पाय सुजले तर तीच लेस सैल करता येते. स्लिप-ऑनमध्ये अशी कोणतीही दुरुस्ती मागाहून करता येत नाही. तिथे पाऊल तीन ठिकाणी धरले जाते: चवड्याच्या घेराला, पावलाच्या वरच्या उंचवट्यावर जिथे बुटाचे तोंड येऊन टेकते तिथे, आणि टाचेमागच्या कडक भागात. यांपैकी एक जागा जरी सैल राहिली तरी बूट पायात टिकवण्याचे काम बोटांवर येऊन पडते. माणूस नकळत बोटे आवळून चालू लागतो, आणि दिवसभर असे चालल्यावर चवडा ठणकतो, पोटऱ्या भरून येतात. मग बूट ‘जड’ आहे किंवा सोल ‘कडक’ आहे असा ठपका आपण ठेवतो, आणि खरे कारण, म्हणजे बूट पायाला धरूनच नव्हता हे, लक्षातही येत नाही.

नंबर नेमके काय सांगतो हे एकदा समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश पद्धतीत एका नंबराचे अंतर एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर असते. युरोपीय पद्धतीत तेच अंतर दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे ६.७ मिलिमीटरच्या आसपास येते. दोन्हींच्या पायऱ्या एकमेकींशी जुळतच नसल्यामुळे आठ नंबर म्हणजे बेचाळीस की त्रेचाळीस या प्रश्नाला प्रत्येक कंपनीचा तक्ता आपापले उत्तर देतो. शिवाय या दोन्ही पद्धती मुळात ज्या कलबुतावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, बूट बेतला जातो त्या कलबुताच्या लांबीवर आधारलेल्या आहेत, घालणाऱ्याच्या पावलाच्या लांबीवर नव्हेत, आणि कलबुताच्या टोकाशी किती जागा सोडायची हे ज्याचा तो ठरवतो. म्हणून एका कंपनीचा सात दुसऱ्या कंपनीच्या आठाइतका भरतो, आणि त्यात ग्राहकाचे काही चुकलेले नसते.

आता रुंदीसाठी नंबर वाढवला की काय होते ते पाहा. पुढच्या नंबरात लांबी साडेआठ मिलिमीटरने वाढते. चवड्याचा घेर प्रचलित पद्धतीत पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास वाढतो. घेर हे चवड्याभोवती टेप गुंडाळून घेतलेले माप असल्यामुळे तळाची प्रत्यक्ष रुंदी त्यातून जेमतेम दोन मिलिमीटर मिळते. म्हणजे दोन मिलिमीटर रुंदीसाठी आपण साडेआठ मिलिमीटर लांबी गळ्यात घेतो, आणि ती सगळी टाचेमागे किंवा बोटांपुढे रिकामी राहते. त्याहून मोठा बिघाड वेगळाच आहे. चालताना पाऊल अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यात वाकते, आणि बुटाचा सोलही तिथेच वाकेल असा बेतलेला असतो. बूट लांब झाला की त्याची वाकण्याची जागा पुढे सरकते, पाऊल एकीकडे वाकते आणि सोल दुसरीकडे, आणि टाच दर पावलाला उचलली जाते. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात पाऊल मोजण्याचे जे धातूचे साधन बनवले, त्यात म्हणूनच टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी, टाचेपासून त्या सांध्यापर्यंतची लांबी आणि रुंदी अशी तिन्ही मापे घेण्याची सोय आहे. शंभर वर्षांच्या घरात आलेले हे साधे साधन आपल्या तालुक्याच्या गावांतल्या दुकानांत मला कुठेही पाहायला मिळालेले नाही.

आपल्या पावलांचा प्रश्न मुळात रुंदीचाच आहे. अंगणात, शेतात, वाळूत अनवाणी वाढलेल्या पायाचा चवडा पसरतो, बोटे एकमेकांपासून सुटी राहतात, आणि ही निरोगी पावलाची खूण आहे. भारतात आयुष्यभर अनवाणी चालणाऱ्यांच्या पावलांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यातही त्यांचे चवडे बूट वापरणाऱ्यांपेक्षा रुंद आढळले होते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावले त्रिमितीय स्कॅनरने मोजली, आणि भारतीयांची पावले युरोपीय व अमेरिकी पावलांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असतात हे त्यातून पुढे आले. त्यावरून ‘भा’ नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धत सुचवण्यात आली आहे. मला या कामाचे मोल फार वाटते, कारण ‘माझेच पाय बेढब आहेत’ असे आयुष्यभर मानत आलेल्या असंख्य माणसांना, विशेषतः बायकांना, त्यातून सांगता येते की पाय ठीक आहेत, कलबूत परके आहे.

बायकांचा उल्लेख मी मुद्दाम केला. आत्याला घेऊन मी तालुक्याच्या एका दुकानात गेलो होतो. तिचे पाऊल आखूड आणि चवडा चांगला रुंद, म्हणजे भातशेतीत वावरलेल्या आपल्याकडच्या बायकांचे असते तसेच. दुकानातल्या मुलाने निमुळत्या टोकाचा एक जोड तिच्या पायात सरकवला, पुढून अंगठ्याने दाबून पाहिले आणि म्हणाला, “काकू, पुढे जागा आहे, अजून काय पाहिजे?” आत्या चार पावले चालली तर टाच दर वेळी बुटातून निसटून टप टप वाजत होती. मी बुटातली सुटी गादी बाहेर काढून फरशीवर ठेवली आणि आत्याला तिच्यावर उभे राहायला सांगितले. करंगळी आणि तिच्या मुळाचा फुगवटा गादीच्या कडेबाहेर पडला होता, अंगठ्याच्या बाजूचे हाडही कडेवर आले होते, आणि पुढे मात्र दोन बोटे जागा शिल्लक होती. म्हणजे तो जोड एकाच वेळी लांबही होता आणि अरुंदही, आणि हे बाहेरून दाबून कधीच कळले नसते.

त्यावर मी पुरुषांच्या कप्प्यातला, एक नंबर लहान, गोल टोकाचा आणि दोन्ही बाजूंना इलॅस्टिक असलेला जोड मागितला. दुकानातल्या मुलाने आधी कां कूं केले, पण ब्रिटिश पद्धतीत बायकांचे आणि पुरुषांचे नंबर लांबीच्या एकाच मोजपट्टीवर असतात, आणि त्याच नंबरात पुरुषांचा साचा सहसा रुंद असतो, तेव्हा संकोच करण्यासारखे त्यात काहीही नव्हते. गादीवर आत्याचे पाऊल कडेच्या आत राहिले, टाच जागेवर राहिली, आणि तिने तोच जोड घेतला. अमेरिकी पद्धतीत रुंदीसाठी वेगळी अक्षरे असतात. पुरुषांसाठी डी हे नेहमीचे माप, टू-ई रुंद आणि फोर-ई त्याहून रुंद, तर बायकांसाठी बी नेहमीचे आणि डी रुंद. लेसच्या काही धावण्याच्या बुटांत ही अक्षरे आपल्याकडेही मिळू लागली आहेत. ज्या स्लिप-ऑनला त्यांची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्या खोक्यावर मात्र ती क्वचितच दिसतात, हे मला अजिबात पटत नाही.

बूट घालून पाहण्याची जागाही आपण चुकीची निवडतो. दुकानाच्या गुळगुळीत, सपाट फरशीवर जवळजवळ कोणताही बूट बरा वाटतो. आपले रोजचे चालणे जांभ्याच्या पाखाडीवरचे, चढउतारांचे, पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवरचे आहे. पाखाडी उतरताना सैल बुटात पाऊल पुढे घसरते आणि अंगठ्याचे नख दर पायरीला टोकावर आपटते. महिनाभरात नख काळे पडते. चढताना तोच बूट टाचेला सोडतो. म्हणून दुकानात जिना असेल तर तो चढून-उतरून पाहावा, नसेल तर बाहेरच्या पायऱ्यांवर जाण्याची परवानगी मागावी, आणि तेही दुपारनंतर, पाय दिवसभराच्या वावराने थोडे फुगलेले असताना, दोन्ही पायांत जोड घालून. बहुतेकांचे एक पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित मोठे असते, तेव्हा मोठ्या पावलाला बसेल तो जोड घ्यावा आणि लहान पावलाच्या बुटात टाचेशी पातळ गादी लावून घ्यावी. पुढे अंगठ्यापासून एक सेंटिमीटरच्या आसपास जागा पुरते. नव्या, ताठ जोडात टाच किंचित हलली तर ते सोल वाकेनासा असल्यामुळे असते आणि ते कमी होते. पण बोट सहज जाईल इतकी फट टाचेमागे दिसली तर तो जोड परत करावा.

‘वापरून सैल होईल’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. ते अर्धेच खरे आहे. खरे चामडे पायाच्या उबेने आणि घामाने रुंदीत थोडे ताणले जाते, कॅनव्हासही थोडे मऊ पडते, विणलेल्या जाळीचे बूट तर बऱ्यापैकी सैलावतात, म्हणून ते आधीच सैल घेऊ नयेत. रेक्झिन आणि तत्सम कृत्रिम चामडे मात्र फारसे ताणले जात नाही. ते पहिल्या दिवशी चावले तर तडकेपर्यंत चावत राहते. लांबीत तर यांतले काहीच वाढत नाही. फोमचे, एकसंध ओतलेले क्लॉग उलट उष्णतेने आखडतात, आणि पावसात भिजले म्हणून गडग्यावर कडक उन्हात वाळत ठेवले तर तळपायाच्या खुणा सोलावर नीट न जुळण्याइतका फरक पडू शकतो. ते सावलीतच वाळवावेत. आणि आपल्या हवेत आवळ बुटाचा आणखी एक त्रास आहे. बोटे एकमेकांना चिकटून राहिली की त्यांच्या बेचक्यांतला ओलावा सुकत नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने चिखल्या पाठ सोडत नाहीत. लोक मलम बदलत राहतात आणि बूट तोच ठेवतात.

वयस्कर माणसांच्या बाबतीत मला हा विषय सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गावातल्या कितीतरी घरांत आज म्हातारी माणसे एकटी राहतात, वाकून लेस बांधणे त्यांना जमत नाही, म्हणून मुले मुंबईहून येताना स्लिप-ऑन घेऊन येतात, आणि ‘सुजलेल्या पायाला बरा’ म्हणून हमखास मोठा नंबर आणतात. सैल आणि विशेषतः मागे टाच नसलेले पायताण हे घरातल्या घरात पडण्याचे एक ओळखीचे कारण आहे. न्हाणीघराच्या ओल्या उंबऱ्यापाशी पाय अडखळायला तेवढे पुरते. मधुमेह असलेल्यांचा धोका याच्या उलट बाजूचा आहे. त्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, आवळ बूट करंगळीला घासून जखम करतो आणि ती त्यांना जाणवतही नाही. अशा माणसाने ‘मला काही लागत नाही’ असे म्हटले म्हणजे बूट बसला असे मानणे धोक्याचे आहे. त्यांच्यासाठी गादी बाहेर काढून त्यावर उभे करून पाहणे, आणि नवा जोड पहिले काही दिवस तासाभरापुरता घालून मग पावले स्वतःच्या डोळ्यांनी तपासणे, हे घरातल्या कोणीतरी केलेच पाहिजे.

ऑनलाइन मागवणाऱ्यांनी तर मोजल्याशिवाय मागवूच नये, कारण आमच्याकडच्या अनेक वाड्यांवर पार्सल येते, पण परत न्यायला कोणी येत नाही, आणि न बसणारा जोड कोणाला तरी देऊन टाकावा लागतो. मोजण्याचे काम अवघड नाही. भिंतीला टाच टेकवून कागदावर सरळ उभे राहावे, शरीराचा भार दोन्ही पायांवर समान असावा, कारण भार पडला की पाऊल लांबी-रुंदीत पसरते, आणि दुसऱ्या कोणीतरी पेन्सिल अगदी उभी धरून पावलाभोवती रेघ काढावी. पेन्सिल आत कलली की माप कमी भरते. मग टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी (ते दर वेळी अंगठाच असतो असे नाही) आणि चवड्याची सर्वांत जास्त रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी, आणि शिंप्याच्या टेपने चवड्याचा घेरही घ्यावा. पावलाच्या लांबीवर आधारलेली मोंडोपॉइंट ही आंतरराष्ट्रीय पद्धत मिलिमीटरमध्येच चालते, आणि आपल्या कंपन्यांनी खोक्यावर नंबराशेजारी ही लांबी आणि चवड्याची रुंदी ठळक छापावी, अशी माझी मागणी आहे. दुकानदारांनीही एक मोजपट्टी गल्ल्याशेजारी ठेवावी. तिचा खर्च दोन जोडांच्या नफ्यातून निघेल आणि परत येणारे जोड कमी होतील.

ते होईपर्यंत, येत्या गणपतीला मुंबईहून येणाऱ्या कोणाकडून आईवडिलांसाठी बूट मागवणार असाल, तर फोनवर नुसता नंबर सांगू नका. दोन्ही पावलांच्या रेघा काढलेल्या कागदांचे फोटो पाठवा, त्यांवर लांबी, रुंदी आणि घेर लिहा, पावलाचा वरचा उंचवटा जास्त असेल तर तेही लिहा, आणि आणणाऱ्याला सांगा की तेवढ्याच आकाराचा पुठ्ठा कापून दुकानात घेऊन जा आणि बुटातल्या गादीवर ठेवून पाहा.