निःशस्त्रीकरणाची चर्चा अखंड चालू ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी

अण्वस्त्र निःशस्त्रीकरणाच्या परिषदेवर प्रतिनिधी म्हणून आपली नेमणूक झाली असेल, तर प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. कारण काम पूर्ण झाले नाही म्हणून कोणाला जाब विचारला जात नाही, अशी क्षेत्रे आता फारशी उरलेली नाहीत.

१९७० साली अमलात आलेल्या अण्वस्त्र प्रसारबंदी कराराचे सहावे कलम आपल्याला तोंडपाठ असावे. शस्त्रस्पर्धा लवकर थांबवण्यासाठी आणि निःशस्त्रीकरणासाठी सद्भावनेने वाटाघाटी कराव्यात, असे ते सांगते. आपला देश अण्वस्त्रधारी असेल, तर प्रत्येक भाषणात या कलमाला वंदन करून करारात मुदत दिलेली नाही, हे नम्रपणे निदर्शनास आणून द्यावे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९६ साली, वाटाघाटी केवळ करण्याचे नव्हे तर त्या पूर्णत्वास नेण्याचेही बंधन आहे, असे मत देऊन थोडी पंचाईत केली खरी. परंतु ते सल्लादाखल दिलेले मत होते, आणि सल्ला ऐकून घेण्यासाठीच असतो.

मूळ विषयाला हात घालण्याची वेळ आलीच, तर आधी कार्यक्रमपत्रिकेवर हरकत घ्यावी. २००७ साली या कराराच्या आढावा परिषदेसाठी व्हिएन्नात भरलेल्या पूर्वतयारी बैठकीत इराणने कार्यक्रमपत्रिकेतील कराराच्या पूर्ण पालनासंबंधीच्या शब्दांना आक्षेप घेतला आणि दोन आठवड्यांपैकी निम्म्याहून अधिक वेळ त्यातच गेला. अखेर दक्षिण आफ्रिकेच्या सूचनेवरून त्या शब्दांपुढे एक तारांकन टाकण्यात आले, आणि पालन म्हणजे करारातील सर्वच तरतुदींचे पालन, असा खुलासा त्याला जोडून सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. उत्तर कोरियाने २००३ साली करारातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले, तेव्हा तर याहून सफाईदार तोडगा निघाला. तो देश सदस्य आहे की नाही, या प्रश्नाला उत्तरच द्यावे लागू नये म्हणून त्याच्या नावाची पाटी बैठकीच्या अध्यक्षांनी स्वतःच्या ताब्यात ठेवली. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्या धर्मराजाला निदान तोंड तरी उघडावे लागले होते.

कायमस्वरूपी नेमणूक हवी असल्यास जिनिव्हाची निःशस्त्रीकरण परिषद मागून घ्यावी. तेथे ६५ सदस्य देश आहेत, निर्णय सर्वसहमतीनेच होतो आणि अध्यक्षपद दर चार आठवड्यांनी पुढच्या देशाकडे जाते, त्यामुळे कोणत्याही अध्यक्षाला फार काळ उमेद बाळगावी लागत नाही. सभागृहाच्या भिंती आणि छत होसे मारिया सेर्त यांच्या भव्य चित्रांनी व्यापलेले असल्याने भाषणे चालू असताना नजर कोठे ठेवावी, हा प्रश्नही पडत नाही. सर्वंकष अणुचाचणी बंदी कराराच्या वाटाघाटी १९९४ ते १९९६ या काळात याच परिषदेत झाल्या आणि त्यानंतर एकही करार तेथून बाहेर पडलेला नाही. सर्वसहमती रोखण्याचा मान केवळ बड्या देशांनाच मिळतो, असे मात्र समजू नये. त्याच चाचणीबंदीच्या मसुद्यावर तो भारतानेही बजावला होता. आमची कारणे अर्थातच तात्त्विक होती. सर्वांचीच असतात.

अण्वस्त्रे नसलेल्या देशांचा संयम सुटून त्यांनी आपले आपणच काही केले, तर बिथरून जाऊ नये. २०१७ साली १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीचा स्वतंत्र करार संमत केला, तेव्हा अण्वस्त्रधारी देश वाटाघाटींना गेलेच नाहीत. ज्यांच्याकडे अस्त्रे नव्हती त्यांनी ती न बाळगण्याचे मान्य केले आणि जगातील तेव्हाची सुमारे १५ हजार अण्वस्त्रे जागच्या जागी राहिली.

परिषद निष्फळ ठरण्याची चिन्हे दिसू लागली, तरी पुढील बैठकीचे स्थळ आणि वर्ष ठरवून घेण्यास विसरू नये. २०२२ साली प्रसारबंदी कराराच्या आढावा परिषदेत युक्रेनमधील झापोरीझ्झिया अणुप्रकल्पासंबंधीच्या मजकुरावरून रशियाने अंतिम मसुदा अडवला; त्याच परिषदेत पुढील बैठकांचे वेळापत्रक मात्र ठरले, शिवाय आढाव्याची प्रक्रिया अधिक परिणामकारक कशी करावी, हे सुचवण्यासाठी एक कार्यगटही नेमण्यात आला. तो २०२३ च्या जुलैमध्ये व्हिएन्नात बसला आणि शिफारशींवर एकमत न होता उठला.