चार लिप्यांची शिळा आणि आमच्या दारावरची पाटी

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दुकानांच्या पाट्यांवरून वाद पेटला. ठाण्याच्या मामेभावाने निकाल लावून टाकला : "ज्याचं राज्य त्याची भाषा. जगभर असंच होतं, बाकीच्यांनी मुकाट राहायचं." पाटी मराठीत हवी, हे मलाही मनापासून वाटतं. पण ते 'जगभर' मला झोंबलं. मी इटलीच्या सिसिली बेटावर, पालेर्मोत राहते.

इथे झीझाच्या महालात संगमरवराची एक शिळा आहे. राजा दुसरा रॉजर याच्या पदरी असलेल्या ग्रिझांतो नावाच्या पाद्र्याने ती १२व्या शतकाच्या मध्यावर आपल्या आईच्या, आन्नाच्या, आठवणीसाठी करवली. वर हिब्रू लिपीतली अरबी, डावीकडे लॅटिन, उजवीकडे ग्रीक, खाली अरबी. आणि तारीख प्रत्येकाच्या आपापल्या कालगणनेची! राज्य नॉर्मनांचं, म्हणजे उत्तर फ्रान्सकडून आलेल्या ख्रिस्ती राजांचं, तरी आई गेल्याचं त्याने चौघांच्या अक्षरांत सांगितलं. त्या शिळेपुढून माझा पाय लवकर निघत नाही.

भावाला मी हे सगळं लिहिलं. वर भूकंपाची गोष्टही लिहिली. राजवाडा हादरला तेव्हा आतल्या मुसलमान बायका आणि नोकर अल्लाचा धावा करत होते. ख्रिस्ती राजा दुसरा विल्यम समोर येताच ते घाबरून गप्प झाले. तो म्हणाला, ज्याने त्याने आपापल्या देवाला हाक मारावी. हे लिहून ठेवणारा मुसलमान प्रवासी इब्न जुबैर ११८४च्या डिसेंबरात मेसिनाजवळ जहाज फुटून या बेटावर आला होता.

त्याच इब्न जुबैरने सिसिलीतल्याच त्रापानी या गावाचं जे लिहिलंय, ते मात्र मी भावाला कळवलं नाही. तिथल्या एका प्रतिष्ठित मुसलमानाने एका यात्रेकरूकडे निरोप धाडला : माझ्या मुलीशी लग्न कर, नाहीतर दुसऱ्या कुणाशी लावून दे, पण तिला इथून घेऊन जा. पुढे राजा दुसऱ्या फ्रेडरिकने सिसिलीतले मुसलमान उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर, लुचेराला नेऊन वसवले. १३००मध्ये अंजू घराण्याच्या राजा दुसऱ्या चार्ल्सने ती वस्तीही मोडली, माणसं गुलाम म्हणून विकली. स्पेनच्या राजाराणीच्या १४९२च्या हद्दपारीच्या फर्मानाने ज्यूही गेले. मागे शब्द तेवढे राहिले. काल्तानिस्सेत्ता या इथल्या शहराच्या नावातला 'काल्ता' आणि आपला 'किल्ला' एकाच अरबी शब्दाचे. दर पावसाळ्यात किल्ले चढणाऱ्या माझ्या भावाला हे ठाऊक असायला हवं.

त्रापानीचं लपवलं, कारण मला वाद जिंकायचा होता. आणि ते वाचलं की मला माझा पेर्मेस्सो, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, आठवतो. नवं कार्ड आठ महिने आलं नाही, आणि तिकडे आई दवाखान्यात होती. मुलीला बोटीवर चढवू पाहणाऱ्या त्या बापाची घालमेल मला तेव्हा कळली.

भावाने एवढंच विचारलं, "ताई, तुझ्या दारावर मराठी पाटी आहे का?"

नाही. चौदा वर्षं बेलशेजारी आमचं आडनाव फक्त रोमन अक्षरांत आहे. कुणी मनाई केलेली नाही. पहिल्याच वर्षी मी एका पुठ्ठ्यावर देवनागरीत नाव लिहिलं होतं, शाई वाळल्यावर लावायचं म्हणून. तो पुठ्ठा अजून स्वयंपाकघरातल्या खणात आहे.