डिबेट जिंकली म्हणून निक क्लेग उपपंतप्रधान झाला? नाही हो

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड तीनदा आलाय, की ब्रिटनमध्ये 2010 ला निक क्लेग नावाच्या अनोळखी माणसाने एका टीव्ही डिबेटवर निवडणूक फिरवली आणि उपपंतप्रधान झाला, म्हणजे डिबेट जिंकेल तोच खरा नेता. मी तेव्हा लेस्टरला नोकरीला होतो, आणि कॉमनवेल्थ नागरिक म्हणून तिथे राहणाऱ्या भारतीयांना मत देता येतं, त्यामुळे 15 एप्रिलची ती पहिली डिबेट मी मत ठरवायलाच बघितली होती.

अनोळखी वगैरे काही नाही. क्लेग डिसेंबर 2007 पासून लिबरल डेमोक्रॅट पक्षाचा नेता होता आणि 2005 ला पक्षाचे 62 खासदार निवडून आले होते.

डिबेट जिंकली हे मात्र खरं. युगोव्ह या सर्व्हे कंपनीच्या त्याच रात्रीच्या सर्व्हेत क्लेगला 51 टक्के, हुजूर (कंझर्व्हेटिव्ह) पक्षाच्या कॅमेरूनला 29, तेव्हाचे पंतप्रधान आणि मजूर (लेबर) पक्षाचे नेते ब्राऊन यांना 19. पण लोकांनी मार्क कशाला दिले? प्रेक्षकांना मध्येच टाळ्या वाजवायला बंदी, हॉल एकदम शांत, आणि क्लेग सरळ कॅमेऱ्यात बघून बोलतोय, प्रश्न विचारणाऱ्यांना नावाने हाक मारतोय, तिकडे ब्राऊन पुन्हा पुन्हा 'आय अग्री विथ निक' म्हणतायत. माझा रूममेट म्हणाला, हा आपल्याशीच बोलतोय रे, आणि मलाही अगदी तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकीने विचारलं, की सरकारी तूट कशी भरणार म्हणाला तो, तर मला एक आकडा आठवेना. दीड तास डोळे लावून बघितलं होतं!

आता निवडणूक फिरवली का ते बघा. 6 मेच्या मतदानात क्लेगच्या पक्षाची मतं 22 वरून 23 टक्क्यांवर गेली आणि जागा 62 वरून 57 वर आल्या. मजूर पक्षाला 29 टक्के मतं आणि 258 जागा. म्हणजे सहा टक्क्यांचा फरक आणि 201 जागांचा, कारण तिथेही आपल्यासारखंच, मतदारसंघात पहिला येईल तोच खासदार. मतं देशभर थोडीथोडी पसरलेली असली की हातात काही लागत नाही.

आणि उपपंतप्रधानपद गणितातून आलं. 650 चं सभागृह, बहुमताला 326, कॅमेरूनकडे 306. मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट मिळून 315 च होत होते. त्यामुळे बहुमताचं सरकार हवं तर कॅमेरूनला क्लेग लागणारच होता, डिबेटमध्ये कोणीही जिंको.

डिबेट नकोच असं मी म्हणत नाहीये. 2024 ला माजी न्यायाधीश मदन लोकूर आणि अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधींना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं होतं, तेव्हा ती व्हावी असं मला मनापासून वाटत होतं. पण मार्क उत्तराला द्या, नजरेला नको. याच क्लेगने निवडणुकीआधी विद्यापीठांच्या फीवाढीविरुद्ध मत देईन अशा प्रतिज्ञेवर सही केली होती, आणि डिसेंबर 2010 मध्ये फी वर्षाला 9,000 पौंडांपर्यंत न्यायच्या बाजूने मत दिलं. 2015 ला त्याच्या पक्षाचे 8 खासदार उरले.