‘लॅबमधली गोळी शुद्ध असते’ म्हणणाऱ्यांना

गोव्यात पर्यटनाचा सीझन तोंडावर आला की नशेच्या गोळ्यांबद्दलचा एक मेसेज हमखास फिरू लागतो. पेडणे-म्हापशाकडच्या कॉलेजच्या मुलांच्या ग्रुपवर सध्या तोच आहे: ‘लॅबमध्ये बनलेली गोळी गांजा-चरसपेक्षा शुद्ध, डोस मोजून घातलेला. नवी रसायनं कायद्याच्या यादीत नाहीत, तपासणीत सापडत नाहीत. पाणी भरपूर प्या. कोणी फारच आउट झाला तर झोपू द्या, इस्पितळात नेलं तर पोलीस मागे लागतात.’ यातलं शेवटचं वाक्य जीव घेऊ शकतं. बाकीची आधी बघू.

शुद्ध? १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुणांनी ‘सिंथेटिक हेरॉइन’ टोचून घेतलं. बनवणाऱ्याची प्रक्रिया चुकली होती आणि त्यात एमपीटीपी नावाचं रसायन तयार झालं होतं. थोड्याच दिवसांत ती धडधाकट पोरं लाकडासारखी ताठरली. हलता येईना, बोलता येईना. म्हातारपणी होणारा पार्किन्सन्स त्यांना ऐन तारुण्यात झाला, कारण मेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशीच मेल्या होत्या. त्या पेशी परत येत नाहीत. हीसुद्धा ‘लॅब’मध्येच बनलेली वस्तू होती.

आणि डोस कोण मोजतो? हणजूणला एलएसडी (भास घडवणारा अमली पदार्थ) म्हणून हातात आलेल्या कागदाच्या तुकड्यावर एनबोम नावाचं वेगळंच रसायन असू शकतं. दिसायला दोन्ही सारखेच, पण एनबोमने जगात अनेक जीव घेतलेत. एक्स्टसी, म्हणजे एमडीएमएची गोळी, म्हणून पीएमए नावाचं दुसरंच रसायन विकलं जातं. ते उशिरा चढतं. ‘लागली नाही’ म्हणून मुलगा दुसरी गोळी घेतो, तोवर पहिली चढू लागलेली असते आणि अंगाचा ताप जीवघेणा होतो. आत काय आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं आणि बहुतेकदा विकणाऱ्यालाही नसतं.

कायद्याचं म्हणाल तर एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याची यादी वाढत जाते. केटामाइन २०११ मध्ये आलं, मेफेड्रोन २०१५ मध्ये. एलएसडीचं व्यावसायिक प्रमाण अवघं ०.१ ग्रॅम आहे, तिथून शिक्षा किमान १० वर्षं. भेसळीचं वजनही धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. मित्रांसाठी म्हणून पाकीट खिशात ठेवणाऱ्या मुलाला याची कल्पना तरी असते का?

तपासणीत सापडत नाही, हे मात्र अर्धं खरं आहे. लघवीच्या साध्या पट्टीवर बरीच नवी रसायनं दिसत नाहीत. पण पट्टी कोरी आली की कॅज्युअल्टीतला डॉक्टरही अंधारात चाचपडतो. हा फायदा कुणाचा?

पाण्याचा सल्ला तर अगदी काळजीने दिल्यासारखा वाटतो. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये अठरा वर्षांच्या लिया बेट्सने एक्स्टसीची एक गोळी घेतली आणि दीड तासात सुमारे सात लीटर पाणी प्यायली. गोळीत भेसळ नव्हती. एमडीएमएमुळे शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तातलं सोडियम घसरतं, मेंदूला सूज येते. ती कोमात गेली आणि वाचली नाही.

आता ते शेवटचं वाक्य. पोरं घाबरतात ती पोलिसांना आणि घरच्यांना. ती भीती मला समजते. पण झोपू दिलेला मुलगा उलटी घशात अडकून गुदमरतो, अंग तापत राहून आतल्या आत त्याचे स्नायू आणि मूत्रपिंडं निकामी होतात. अंग भाजतंय, जबडा आवळलाय, आकडी येतेय, बरळतोय, हाक मारूनही उठत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ लावा. तो घोरतोय म्हणजे शांत झोपलाय असं धरू नका, श्वासाची वाट अडत असेल. कुशीवर वळवा, अंग तापलं असेल तर कपडे सैल करून ओल्या फडक्याने पुसा, वारा घाला, एकटं सोडू नका. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) असो की म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात, काय घेतलं, किती, किती वाजता आणि सोबत दारू होती का, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ताप उतरवणं, आकडी थांबवणं, सोडियम सावरणं हे त्यांना येतं, फक्त वेळेत पोचायला हवं.

पोलिसांना कळवलं जाऊ शकतं, हे लपवत नाही. पण स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला, थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात, एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ खटल्यापासून संरक्षण देतं. ते त्या मेसेजमध्ये कोणी लिहीत नाही. सवय सोडायची असेल तर १४४४६ हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, फोन आईवडीलही करू शकतात.