खुलासा: जास्त जीबी म्हणजे वेगवान ग्राफिक्स कार्ड, असं नसतं

सोलापुरातल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'ग्राफिक्स कार्डाचे फक्त जीबी बघा, १२ जीबीवालं ८ पेक्षा वेगवानच.' हे चूक आहे. ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकात गेमची चित्रं तयार करणारा भाग; जीबी ही त्याची मेमरी, वेग नव्हे.

एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ३०६० कार्डाला १२ जीबी, ३०७० ला ८. तरी बहुतेक गेममध्ये ३०७० च पुढे, कारण कूडा कोअर (कार्डातले हिशेब करणारे छोटे भाग) ३०६० मध्ये ३५८४, तर ३०७० मध्ये ५८८८. हे कंपनीचेच आकडे. मेमरी अपुरी पडली तर गेम अडखळतो, एवढं मात्र खरं.

परवा नवी पेठेत एक पोरगा जुनं जीटी ७३० दाखवत म्हणाला, "काका, ४ जीबी आहे की!" बोटभर पंख्याचं, अगदी कमी ताकदीचं कार्ड. घरच्यांनी पै-पै साठवून दिलेले पैसे होते, म्हणून जीव तुटला.

एसएमपीएसही (संगणकाला वीज पुरवणारा डबा) तपासा, ३०७० साठी कंपनी तो ६५० वॅटचा सांगते. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथेच हे टाका.