चार स्पीकर आणि शेवटची रांग

आत्ताच गच्चीवरून खाली आलेय. आमच्या सोसायटीची कोजागिरी झाली. मसाला दूध झकास होतं, माणसं भरपूर जमली होती, पण आवाजाचा पार विचका झाला. सगळं आठवतंय तोवर लिहून टाकते, कारण पंधरा दिवसांत दिवाळी पहाट आहे आणि तेव्हाही हेच होणार.

चार घरांतून चार ब्लूटूथ स्पीकर आले होते. चारही एकाच टेबलावर खेटून ठेवले, तोंडं खुर्च्यांकडे, व्हॉल्यूम फुल. पहिल्या रांगेतली पोरं कानांवर हात दाबून बसली होती. शेवटच्या रांगेतल्या आज्या एकमेकींना विचारत होत्या, "काय म्हणतायत गं?" त्यातल्या एका आजींनी शेवटी खुर्ची उचलून पाण्याच्या टाकीमागे नेली. शब्द तर कळतच नव्हते, तिथे निदान ती धपधप तरी कमी होती.

चार स्पीकर म्हणजे चौपट आवाज, हा समज आधी डोक्यातून काढा. सारखे दोन स्पीकर एका जागी लावले की साधारण ३ डेसिबल वाढतात. चार लावले की ६. कानाला 'दुप्पट' वाटायला जवळपास १० डेसिबल लागतात, म्हणजे दहा स्पीकर. खेटून ठेवले तर खालचा बास, म्हणजे ती धपधप, यापेक्षा जास्त वाढतो, हे मान्य. पण आज्यांना बास नको होता, शब्द हवे होते.

आता अंतराचा हिशोब बघा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. पहिली रांग टेबलापासून २ मीटरवर होती, शेवटची १६ मीटरवर. अंतर तीनदा दुप्पट झालं, म्हणजे १८ डेसिबल गेले. ते नुसते स्पीकर वाढवून भरून काढायचे तर एकाच्या जागी ६४ लागतील, आणि ते चौसष्टच्या चौसष्ट पहिल्या रांगेतल्या पोरांच्या कानातही वाजतील! त्यापेक्षा चारातले दोन उचलून मध्यावर ठेवले असते तर फुकटात काम झालं असतं. वायरलेस जोडणीचा खरा उपयोग हाच आहे. वायर न ओढता स्पीकर माणसांजवळ नेता येतो. तो सोडून सगळे एकाच टेबलावर रचायचे, हे मला खरंच कळत नाही.

तर मांडणी अशी करा. दोन स्पीकर पुढच्या दोन कोपऱ्यांत. उरलेले दोन साधारण ८ मीटर मागे, दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर, त्यांची तोंडंही मागच्या रांगांकडेच. मागचे पुढच्यांकडे तोंड करून ठेवू नका. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे ८ मीटरला त्याला २३ मिलिसेकंद लागतात. एवढा फरक कान पोटात घालतो, दोन्ही मिळून एकच आवाज वाटतो. पण एखादा स्पीकर थेट शेवटच्या भिंतीला नेऊन ठेवला की तिथल्या माणसाला पुढचा आवाज ४५ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि शब्द दुहेरी ऐकू यायला लागतात. मग लोक म्हणतात ब्लूटूथ खराब आहे. ब्लूटूथचा काही संबंध नसतो, जागा चुकलेली असते.

मधल्या जोडीचा आवाज पुढच्यापेक्षा कमी ठेवा. शेवटच्या खुर्चीत स्वतः जाऊन बसा, शब्द कळेपर्यंतच वाढवा, पुढे नाही. स्पीकर जमिनीवर ठेवू नका, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर राहू द्या. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि माणसाच्या अंगातलं पाणी त्या लहरी शोषून घेतं. रिकाम्या गच्चीवर छान वाजलेला स्पीकर माणसं भरल्यावर तुटक वाजायला लागतो तो यामुळे. लोखंडी टाकी किंवा जिन्याची खोली मध्ये आली तर बघायलाच नको. ज्या स्पीकरला फोन जोडलाय तो बाकीच्यांच्या मध्यात येईल असा बघा, आणि फोन त्याच्या शेजारी, कुणाच्या खिशात नाही.

आज जोडताना काय झालं तेही सांगते. तीन स्पीकर जुळले, चौथा जुळेचना. दहा मिनिटं सगळे बटणं दाबत उभे. 'ब्लूटूथ आहे ना, मग जुळेलच' असं दुकानदाराने सांगितलं होतं म्हणे. अहो, नाही जुळत! साधं ब्लूटूथ म्हणजे फोनपासून एका स्पीकरपर्यंत. तिथून पुढे इतरांना आवाज वाटायची प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी. सोनीचं पार्टी कनेक्ट, अल्टिमेट इअर्सचं पार्टीअप, जेबीएलचं पार्टीबूस्ट, ही एकमेकांत मिसळत नाहीत. एका कंपनीतही पिढ्या बदलतात: जेबीएलच्या चार्ज ४ या स्पीकरमध्ये कनेक्ट प्लस, चार्ज ५ मध्ये पार्टीबूस्ट, चार्ज ६ मध्ये ऑराकास्ट. नावं ओळीने आहेत म्हणून तिघं एका साखळीत बसतील असं समजू नका. आणि मोठा स्पीकर म्हणजे जास्त जोडता येतील असंही नाही. जेबीएलचेच मोठे पार्टीबॉक्स ११० किंवा ३१० वायरलेसने दोनच जुळतात, तर छोटे पार्टीबूस्टवाले शंभराच्या वर जुळतात असं कंपनी सांगते. ऑराकास्ट हे ब्लूटूथचंच नवं सार्वजनिक मानक आहे, नाव २०२२ मध्ये आलं. पुढेमागे त्याने ही भांडणं मिटतील अशी आशा आहे, पण आज विकत घेताना दोन्ही स्पीकर दुकानात समोरासमोर जोडून दाखवा म्हणावं. खोक्यावरच्या खुणेवर विसंबू नका.

जोडायची रीत: आदल्या दिवशी सगळे पूर्ण चार्ज करा (बॅटरी उतरली की कित्येक स्पीकर आधी बास कापतात) आणि प्रत्येकाचं फर्मवेअर (स्पीकरच्या आतलं सॉफ्टवेअर) कंपनीच्या ॲपमधून अपडेट करा. हे गच्चीवर करायचं काम नाही. कार्यक्रमाच्या वेळी स्पीकरच्या मालकांना आपापल्या फोनचं ब्लूटूथ बंद करायला सांगा. हे कुणीच करत नाही, आणि निम्मा घोटाळा इथेच असतो. स्पीकर चालू झाला की तो सवयीने स्वतःच्या मालकाच्या फोनला चिकटतो, साखळीत येतच नाही. मग एकच फोन एका स्पीकरला जोडा, गाणं सुरू करा, त्या स्पीकरचं जोडणीचं बटण दाबा, आणि बाकीचे एकेक करून त्याच्यापासून हातभर अंतरावर आणून जुळवा. सगळे वाजायला लागल्यावरच उचलून जागेवर न्या. ॲपमध्ये स्टिरिओ (डावा-उजवा आवाज वेगळा) असेल तर तो काढून पार्टी मोड (सगळ्यांतून सारखाच आवाज) ठेवा, नाहीतर डावीकडच्यांना अर्धंच गाणं ऐकू येतं. फोन एअरप्लेन मोडवर टाकून ब्लूटूथ तेवढं परत चालू करा आणि गाणी आधीच उतरवून घ्या. चार स्पीकरमधून व्हॉट्सॲपचा टिंग ऐकायला कुणी येत नाही.

आता माइक. माझा खरा राग इथे आहे.

टाकीमागे गेलेल्या त्याच आजींना नंतर आग्रहाने पुढे बोलावलं, त्या ओव्या म्हणणार होत्या. माइक लावला होता साखळीतल्या पहिल्या स्पीकरला. त्यातून आवाज लगेच यायचा आणि बाकी तिघांतून थोड्या वेळाने. आजी एक ओळ म्हणायच्या, स्वतःचाच आवाज मागून यायचा, की त्या थांबायच्या. पुन्हा सुरू, पुन्हा थांबायच्या. दोन ओव्यांनंतर त्यांनी माइक खाली ठेवला, पदर सारखा केला आणि "राहू दे रे, मला जमत नाही यातलं" म्हणत जागेवर जाऊन बसल्या. त्यांना सगळं जमत होतं. न जमणारी मांडणी आपली होती आणि संकोच वाटला त्यांना. लिहितानाही वाईट वाटतंय.

गाणं चारही स्पीकरवर एकत्र वाजतं कारण पहिला स्पीकर बाकीच्यांसाठी मुद्दाम थांबतो. जिवंत आवाजाला असं थांबवता येत नाही, म्हणून बोलणारा अडखळतो. काही स्पीकरांत तर माइकचा आवाज पुढे जातच नाही. तेव्हा माइकच्या वेळी साखळी तोडा आणि एकाच, सगळ्यात मोठ्या स्पीकरवर माइक ठेवा. दोन हवे असतील तर छोटा ऑडिओ मिक्सर (माइकचा आवाज घेऊन पुढे वाटणारा डबा) घ्या आणि त्यातून दोन्ही स्पीकरच्या ऑक्समध्ये, म्हणजे पिन लावायच्या भोकात, वायरने आवाज द्या. साध्या साडेतीन मिलिमीटरच्या पिनची वायर ५ मीटरपर्यंतच ठेवा, त्यापुढे ती घूं करायला लागते. प्रोजेक्टरवर सिनेमा लावाल तेव्हाही वायरच, नाहीतर ओठ आधी हलतात आणि संवाद मागून येतो.

मंडपवाल्याची सिस्टीम भाड्याने आणली तर यातली निम्मी कटकट वाचते, बरं. पण वीस-पंचवीस कुटुंबांच्या गच्चीला ती लागत नाही, आणि ती समोरच्या इमारतीतही वाजते. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ आहे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सूट मिळते ती वर्षातल्या मोजक्या दिवसांना, मध्यरात्रीपर्यंत. दिवाळी पहाटही सहाच्या आधी सुरू करायची नाही, हे आत्ताच ठरवून टाकू या.

दिवाळीला स्पीकर आणणाऱ्यांनी तळाशी लिहिलेलं मॉडेलचं नाव आणि जोडणीच्या बटणाचा फोटो या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर टाका. कोणाचं कोणाशी जुळतं ते मी लावून देते. आणि कुणाकडे दोन माइकांचा छोटा मिक्सर पडून असेल तर तोही सांगा, त्या आजींना पुन्हा बोलवायचंय.