‘विश्वास असेल तर पायऱ्या अडवत नाहीत’ म्हणे!

ठाणे-नवी मुंबईतल्या चर्चच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. अपंग माणूस बरा होत नसेल तर विश्वास कमी किंवा घरात पाप. रॅम्पवर खर्च कशाला, चार पोरं खुर्ची उचलतात. जमत नसेल त्यांनी मिस्सा (कॅथलिक उपासना) मोबाइलवर बघावी. ‘मतिमंद’ (शब्द त्यांचाच) मुलांना ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, नाही. शेवटी शिक्का म्हणून लेवीय 21, म्हणजे बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा 21 वा अध्याय.

पापाचं आधी. जन्मांधाला पाहून शिष्यांनी हेच विचारलं होतं. येशूचं उत्तर योहान 9:3 मध्ये आहे: पाप ना याचं, ना याच्या आईबापांचं. प्रेषित पौलाने शरीरातला काटा (त्याचं स्वतःचं दुखणं) जावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली, काटा राहिलाच. पौलाचा विश्वास कमी होता, असं म्हणायला जीभ रेटेल का?

आता ती चार पोरं. बऱ्याच व्हीलचेअरचे हात आणि पायठेवणी निघणारी असतात. तिथे धरून उचललं की हात सुटून येतो आणि माणूस कलंडतो. वेळच आली तर त्या माणसाला विचारून, ब्रेक लावून, फक्त मुख्य फ्रेमला धरावं. पण दर रविवारी पालखी निघावी तसं आत जायला कोणाला आवडेल?

रॅम्पचं गणित 1:12 चं, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी. 15 सेंमीच्या तीन पायऱ्या म्हणजे 45 सेंमी उंची, म्हणजे 5.4 मीटर उतार. जागा नाही म्हणून तो दोन मीटरात बसवला की घसरगुंडी होते, त्यात पॉलिश ग्रॅनाइट आणि ठाण्याचा जुलै. पृष्ठभाग खरखरीत हवा, दोन्ही बाजूंना कठडा, वर दीड मीटर सपाट जागा, दार 90 सेंमी मोकळं. पायपुसणं उचलाच, पुढची छोटी चाकं त्यातच अडकतात. आत खुर्ची मधल्या वाटेत ठेवली की ख्रिस्तप्रसादाची रांग तिला धडकते. त्यापेक्षा मधल्या रांगेतला एक बाक 90 सेंमीने आखूड करा, म्हणजे घरचे शेजारी बसतील. उपासना लिफ्ट नसलेल्या पहिल्या मजल्यावर असेल तर मात्र हॉलच बदलावा लागेल.

मोबाइलची मिस्सा अंथरुणाला खिळलेल्यांना आधार आहे, पण स्क्रीनमधून ख्रिस्तप्रसाद मिळत नाही. तो घरी न्यावा लागतो.

ख्रिस्तप्रसादाच्या बाबतीत मेसेज सरळ चुकलाय. कॅथलिक कायद्याचं 913 वं कलम मुलांच्या कुवतीप्रमाणे समज मागतं, हे खरं. पण 777 वं कलम अशा मुलांच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) फादरांवर टाकतं. आणि 2007 च्या ‘साक्रामेंतुम कारितातिस’ या पत्रात तेव्हाचे पोप बेनेडिक्ट सोळावे सांगतात की बौद्धिक अक्षमता असलेल्यांनाही शक्य असेल तेव्हा ख्रिस्तप्रसाद द्यावा, कुटुंबाच्या आणि मंडळीच्या विश्वासातही ते तो स्वीकारतात.

तयारी घरी होते. अभिषेक न केलेला होस्ट (ख्रिस्तप्रसादाची पातळ चकती) आणून नखाएवढा तुकडा द्यावा, मूल ताठ बसलेलं, हनुवटी किंचित खाली. कोरडा होस्ट टाळूला चिकटतो, मग मूल घाबरून थुंकतं आणि लोक त्याला अनादर म्हणतात. घन पदार्थ गिळताच येत नसेल तर 925 व्या कलमानुसार फक्त द्राक्षारस चालतो. घंटा आणि धूप सोसत नसेल तर दाराजवळची जागा द्या, मिस्साचा क्रम आधी चित्रांत दाखवा. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये प्रभुभोजनाचे नियम वेगळे असतात, तिथे पाळकांशी बोला.

राहिलं लेवीय 21. व्यंग असलेल्या याजकाने वेदीजवळ होम अर्पायला जाऊ नये, ही वचनं मेसेजमध्ये आहेत. 22 वं वचन तेवढं गाळलंय: तोच याजक देवाची भाकर खाऊ शकतो, परमपवित्रातलीसुद्धा.